नव्या वर्षात देवाला पहिलं स्थान : रोजच्या दिवसात म्हणजे नेमकं काय?

अंजिराखाली | १ जानेवारी, सकाळी ७:१०

सर्वांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

काल रात्री उपासनेहून परत आल्यावर झोप लागेना, म्हणून टेबलाचा खण आवरायला घेतला. त्यात माझी गेल्या वर्षीची वही सापडली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं : 'या वर्षी देव पहिला.' त्याखाली तक्ता. रोज तीन अध्याय, अर्धा तास प्रार्थना, वाचन होईपर्यंत मोबाईलला हात नाही. जानेवारीचे सगळे चौकोन हिरव्या शाईनं भरलेले. शेवटची खूण ४ फेब्रुवारीची. बायबलमधली फीतही अजून तिथेच होती, लेवीय या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायाच्या शेवटी.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. त्याआधीच्या वर्षी मार्चपर्यंत टिकलं होतं, एवढाच फरक.

पण वही बघताना एक वेगळीच गोष्ट आठवली आणि ती जास्त बोचली. गेल्या जानेवारीत एका सकाळी मी डोळे मिटून बसले होते आणि माझी लेक खोलीत आली. तिला काहीतरी विचारायचं होतं. मी डोळेही न उघडता म्हणाले, "दिसत नाही का, प्रार्थना चालू आहे?" ती गेली. काय विचारायचं होतं ते तिनं नंतरही सांगितलं नाही. त्या दिवसाचा चौकोन हिरवाच आहे.

म्हणून विचारते. माझ्यात शिस्त कमी आहे, की 'देव पहिला' याचा अर्थच मी चुकीचा घेतला आहे? तुम्ही रोजच्या धावपळीत हे कसं जगता? उपदेश दिलात तरी चालेल, पण स्वतःचा अनुभव सांगितलात तर जास्त आवडेल.

मोहरीचा दाणा | १ जानेवारी, सकाळी ८:०२

ताई, आधी वाचनाचं बोलतो, कारण त्या खड्ड्यात मीही तीनदा पडलो आहे.

आपल्या बायबलचे अध्याय ११८९. वर्षात संपवायचे तर दिवसाला तीनहून थोडे जास्त पडतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, म्हणजे रोज तीन धरले तर ३० जानेवारीला निर्गम संपतो आणि ३१ ला लेवीय समोर येतं. ४ फेब्रुवारीला तुमच्या वाट्याला त्वचारोग आणि शुद्धाशुद्धतेचे नियम आले असणार. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. त्यात शिस्तीचा दोष थोडा आणि मांडणीचा जास्त, असं माझं मत.

नव्या कराराचे अध्याय २६०. आठवड्याला पाच दिवस, रोज एक अध्याय, असे बरोबर ५२ आठवडे होतात. दोन दिवस मोकळे राहतात, चुकलेलं भरून काढायला किंवा एकाच वचनावर रेंगाळायला. मी गेली दोन वर्षं हेच करतोय. रॉबर्ट मरे मॅकचेन या तरुण पाळकानं (धर्मगुरूनं) १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी जो तक्ता केला, त्यात वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात. तो उत्तमच आहे, पण रोज साधारण चार अध्याय लागतात. ज्याला झेपेल त्यानं जरूर घ्यावा.

लेकीचं वाचून मात्र गप्प झालो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

रात्रपाळी | १ जानेवारी, सकाळी ९:४५

आत्ताच ड्यूटीवरून आले. नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस रात्रीचे असतात.

'सकाळचा पहिला तास देवाला' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आणि नोकरी लागल्यावर तेच माझ्या मानेवरचं जोखड झालं. सकाळी घरी येते तेव्हा पाय सुजलेले असतात, बायबल उघडलं की अक्षरं हलतात. किती वर्षं मला वाटायचं की मी देवाला उरलंसुरलं देते.

मग एकदा उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचताना थबकले. 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस.' आधी संध्याकाळ! त्या हिशेबानं दिवस अंधार पडताना सुरू होतो. माझा दिवसही तेव्हाच सुरू होतो. आता कामावर निघण्याआधी, गणवेश घालून झाल्यावर, दहा मिनिटं बसते. स्तोत्र १३४ तीनच ओव्यांचं आहे आणि रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्यांसाठीच आहे. ते पाठ झालंय. वॉर्डात दिवे मंद केल्यावर एकेका खाटेपाशी जाताना मनात म्हणते.

ज्यांना पहाट जमते त्यांनी पहाटे बसावं. ज्यांना जमत नाही त्यांच्यावर कृपा करून ओझं टाकू नका, एवढीच विनंती.

जुना प्रवासी | १ जानेवारी, दुपारी १२:३०

रात्रपाळी, तुम्ही मनातलं बोललात. मी चौतीस वर्षं पाळक होतो. पहाटेच्या प्रार्थनेवर कितीतरी उपदेश दिले असतील, आणि समोर बसलेल्यांपैकी कोण रात्रभर जागून आलं आहे हे मी कधी विचारलं नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

पहाटेसाठी आम्ही सगळे नव्या करारातलं मार्क १:३५ सांगतो. येशू अगदी अंधारात उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला. पण त्या ओवीच्या आधीचं आणि नंतरचं वाचायचं राहून जातं. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं. रात्री उशिरापर्यंत तो आजाऱ्यांना बरं करत होता. सकाळी शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुमचा शोध करत आहेत. म्हणजे दिवसाचं काम ठरलेलंच होतं, लोक रांग लावून उभे होते. आणि येशू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांत जाऊ, मला तिथेही उपदेश करायचा आहे, मी त्यासाठीच आलो आहे.

मला हे फार उशिरा दिसलं. त्या प्रार्थनेनं दिवसाची दिशा बदलली. मी मात्र वर्षानुवर्षं प्रार्थना करून उठायचो आणि आधीच ठरवलेल्या यादीला लागायचो. यादीत देवाचा नंबर पहिला होता खरा, पण यादी माझी होती. तिच्यातलं दुसरं, तिसरं, दहावं काम त्याला कधी दाखवलंच नाही.

अंजिराखाली ताई, एक लहानशी गोष्ट. तुमची फीत लेवीय १५ च्या शेवटी अडली आहे. पुढचं पान उलटा. सोळावा अध्याय प्रायश्चित्ताच्या दिवसाचा आहे. सगळ्या अशुद्धतेच्या नियमांनंतर, वर्षातून एकदा, सर्व लोकांची पापं एका बकऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात दूर सोडून देतात. तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर थांबलात. तिथूनच पुन्हा सुरू करा, उत्पत्तीपासून नको.

थोमा | १ जानेवारी, रात्री १०:१५

थोडं कडू लिहितो, समजून घ्या.

आमच्या घरी देव नेहमीच पहिला होता. वडील मंडळीच्या प्रत्येक समितीवर. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी ते उपासनामंदिरात असत. मी अकरा वर्षांचा असताना आई बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती, तेव्हाही एका सभेसाठी ते गेले. जाताना म्हणाले, "देवाचं काम आधी." मी आईच्या कपाळावर ओला कपडा ठेवत होतो. ते वाक्य आजही कानात आहे.

वडील वाईट नव्हते. त्यांची श्रद्धा खरी होती, हे आता कळतं. पण 'देव पहिला' असं कुणी म्हटलं की माझं अंग आखडतं. मार्क ७ मध्ये येशू ज्यांना फटकारतो ते आईबापांना सांगायचे की तुम्हांला जे द्यायचं होतं ते आम्ही देवाला अर्पण केलंय. देवाचं नाव पुढे करून घरच्यांचा वाटा काढून घ्यायचा. येशू त्यांना स्पष्ट म्हणतो की यानं तुम्ही देवाचं वचन रद्द करता.

धागाकर्तीनं लेकीचं जे लिहिलंय ते वाचून मी तो अकरा वर्षांचा मुलगा झालो. तिला विचारा, काय हवं होतं म्हणून. वर्ष झालं असलं तरी विचारा.

दोन नाणी | २ जानेवारी, सकाळी ६:२०

थोमा, तुमच्यासाठी प्रार्थना केली आत्ता.

तेलवात | २ जानेवारी, सायंकाळी ७:००

थोमांच्या प्रतिसादानंतर मुद्दाम मत्तय उघडून बसले. आमच्या अभ्यासगटात सध्या ग्रीक शब्द घेऊन वाचन चाललंय, त्यातून एक गोष्ट सापडली ती मांडते.

'तुम्ही पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा' (मत्तय ६:३३) हे वचन नव्या वर्षाच्या प्रत्येक कार्डावर असतं. यातल्या 'पहिल्याने'साठी ग्रीकमध्ये 'प्रोटॉन' हा शब्द आहे. डोंगरावरच्या प्रवचनात तो एकूण तीनदा येतो. मराठीत कुठे 'प्रथम' तर कुठे 'पहिल्याने' म्हटल्यामुळे आपल्या ते लक्षात येत नाही.

पहिल्यांदा येतो ५:२४ मध्ये. तू वेदीपाशी दान घेऊन आला आहेस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. दुसऱ्यांदा ६:३३. तिसऱ्यांदा ७:५ : आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल.

राज्य मिळवण्यास झटण्याच्या आधी एक 'आधी' आहे आणि नंतर एक 'आधी' आहे, आणि दोन्ही भावाबद्दल आहेत. येशू स्वतः सांगतो की वेदीवरचं दान थांबू दे! थोमांच्या वडिलांना हे कुणी वेळेवर दाखवायला हवं होतं. आणि मला खात्री आहे की देवाला पहिलं ठेवणं आणि समोरच्या माणसाकडे वळणं यांत येशूला भांडण दिसत नव्हतं.

अर्थात दुसरी बाजूही मत्तयातच आहे. ८:२१ मध्ये एक शिष्य हाच शब्द वापरतो : प्रभूजी, आधी मला माझ्या बापाला पुरायला जाऊ द्या. येशू त्याला म्हणतो, माझ्यामागे ये. ही ओवी मला आजही जड जाते. ती सोपी करून सांगायचा मी प्रयत्न करणार नाही. एवढंच दिसतं की 'आधी माझं हे होऊ द्या, मग तुमचं' असं म्हणायची सवय घरच्या निमित्तानंही लागू शकते. कुठल्या दिवशी कुठली ओवी आपल्यासाठी आहे हे ओळखायला रोज त्याच्यापाशी बसावंच लागतं.

६:३३ मधलं 'झटा' हे क्रियापद चालू काळाची आज्ञा आहे : झटत राहा. एकदा १ जानेवारीला ठरवून मोकळं होण्यासारखं ते काम नाही.

मोहरीचा दाणा | २ जानेवारी, सायंकाळी ७:२५

+१. पाचव्या अध्यायातलं वचन शेकडो वेळा वाचलंय, पण ६:३३ शेजारी ठेवून कधीच नाही.

पृथ्वीचं मीठ | ३ जानेवारी, दुपारी १:१५

मी एका गोदामात मालाची नोंद ठेवतो. दिवसभर खोकी, पावत्या, फोन. प्रार्थनेला एकांत वगैरे नाही.

सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी जे नियम लिहिले त्यातले दोन मला धरून ठेवायला उपयोगी पडले. एक असा की प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातात असेल ते टाकून निघायचं, देवाच्या कामापुढे काहीही ठेवायचं नाही. दुसरा मठाच्या कोठारप्रमुखासाठी आहे. मठातली भांडी, अवजारं, सगळी मालमत्ता त्यानं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावी.

मी कोठारवालाच आहे. त्यामुळे दुसरा नियम माझा. दुपारी बारा वाजता फोनचा गजर होतो, तेव्हा पहिला पाळतो : उभा राहून प्रभूची प्रार्थना म्हणतो, अर्ध्या मिनिटाचं काम. बाकी वेळ खोकी नीट रचतो. पूर्वी ओल लागलेला माल खाली सरकवून वर चांगला ठेवायचो, तो प्रकार बंद केला. वरिष्ठ रागावले. पण ज्याच्यासमोर बाराला उभं राहायचं, त्याच्यापासून साडेबाराला माल लपवायचा कसा?

दोन नाणी | ३ जानेवारी, रात्री ९:४०

पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

प्रथमफळ, म्हणजे मिळकतीतला पहिला वाटा, देवाला द्यावा असं नीतिसूत्रे ३:९ सांगतं आणि मी देते. महिन्याचे पैसे हाती आले की आधी वाटा बाजूला काढते, मग बाकीचा हिशेब. शेवटी उरेल त्यातून द्यायचं म्हटलं तर कधी उरतच नाही. पण याच वचनावरून 'आधी द्या, देव दुप्पट करून देईल' असं शिकवतात ना, त्याला मी एकदा बळी पडले आहे. कर्ज काढून दिलं होतं. दुप्पट काही आलं नाही, हप्ते मात्र आले. मत्तय ६ मध्ये येशू अन्नवस्त्राच्या काळजीबद्दल बोलतोय आणि तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे असं सांगतोय. त्यात गुंतवणुकीची योजना कुठेच नाही.

वर्षाच्या सुरुवातीला मी हाग्गय वाचते, जुन्या करारातलं एका संदेष्ट्याचं पुस्तक. दोनच अध्याय आहेत. इसवी सनापूर्वी ५२० मधली गोष्ट. लोक बंदिवासातून परतलेले, स्वतःची घरं तक्तपोशी करून सजवलेली आणि मंदिर मात्र उजाड. संदेष्टा म्हणतो, तुम्ही पेरता पुष्कळ आणि घरी आणता थोडं, मजुरी मिळते ती भोकं पडलेल्या पिशवीत टाकता, आपल्या मार्गांचा नीट विचार करा.

मला त्यातल्या तारखा आवडतात. हे वचन आलं सहाव्या महिन्याच्या १ तारखेला आणि लोकांनी काम सुरू केलं २४ ला. मध्ये तेवीस दिवस गेले. आणि 'मी तुमच्याबरोबर आहे' हा देवाचा निरोप काम सुरू होण्याच्या आधी येतो, नंतर नाही. मंदिराचा एकही दगड अजून हललेला नव्हता.

अंजिराखाली | ५ जानेवारी, रात्री ११:०५

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. वेगवेगळं उत्तर देत नाही, क्षमा असावी.

थोमा, लेकीला विचारलं. तिला आठवत होतं. शाळेत कुणीतरी तिला चिडवत होतं आणि त्या दिवशी तिला जायचं नव्हतं, ते सांगायचं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आता त्याचं काही नाही, आई." मग थोड्या वेळानं स्वतःहून जवळ येऊन बसली.

तेलवात, तुमचा प्रतिसाद वाचून वही मिटून ठेवली. कारण ५:२४ वाचताना मला एकच माणूस दिसला. माझी ताई. आईच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून आम्ही एकमेकींना नको ते बोललो. दीड वर्ष झालं. त्या दीड वर्षात मी तक्ता केला, उपवास केले, मंडळीत साक्षही दिली. प्रत्येक प्रार्थनेत एका ठराविक जागी मन अडखळायचं आणि मी तिथून वळसा घालून पुढे जायचे. कदाचित ४ फेब्रुवारीला मला लेवीयाचा कंटाळा आलाच नव्हता.

आता कळतंय, पण फोन उचलवत नाही. तिचं चुकलं होतं. माझंही. कुणाचं जास्त, हा हिशेब डोक्यातून जात नाही.

जुना प्रवासी | ६ जानेवारी, सकाळी ५:५०

मुली, हिशेब गेल्यावर फोन करीन असं ठरवलंस तर तो फोन कधीच होणार नाही. हिशेब डोक्यात घेऊनच कर. बोलताना फक्त स्वतःच्या बाजूचं कबूल कर, तिच्या बाजूचं तिच्याकडे राहू दे. तिनं उलट माफी मागावी अशी अपेक्षा आधीच खाली ठेव.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ११ ऑगस्ट १७५५ ला लंडनमध्ये सुमारे १८०० लोकांसह देवाबरोबरचा करार नव्यानं करण्याची उपासना घेतली. पुढे मेथडिस्ट मंडळ्यांत ती वर्षारंभी होऊ लागली. तिच्यातल्या प्रार्थनेत माणूस म्हणतो, मी आता माझा नाही, तुझा आहे, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भर किंवा रिकामा कर. मी ती दर वर्षी म्हणवून घेत असे. निवृत्त झालो आणि पत्नीचं दुखणं आलं, तेव्हा 'बाजूला ठेव' या शब्दांवर पहिल्यांदा आवाज अडला. आज तिचं अंग पुसून देणं हीच माझी सकाळची पहिली उपासना आहे. प्रार्थना त्यानंतर होते आणि कधी कधी त्यातच होते.

आणि १ योहान ४:१९ विसरू नकोस. आपण प्रीती करतो, कारण पहिल्याने त्यानं आपल्यावर प्रीती केली. फोन उचलशील तेव्हाही पहिलं पाऊल तुझं नसेल.

थोमा | ६ जानेवारी, सकाळी ८:३०

काका, तुमचं हे वाचून वडिलांची आठवण आली, आणि या वेळी राग आला नाही. धन्यवाद.

अंजिराखाली | २८ जानेवारी, रात्री ८:४५

धागा वर आणते आहे, कारण काही जणांनी खाजगी संदेशात चौकशी केली.

हाग्गयाचे तेवीस दिवसही उलटून गेले होते. काल संध्याकाळी लावला फोन. तिनं उचलला नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते, फोन ओट्यावर उलटा ठेवला आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. पहिलं वाक्य : "काय झालं? सगळे बरे आहेत ना?" दीड वर्षानं माझा फोन म्हणजे काहीतरी वाईट बातमी असणार, असं तिला वाटलं होतं. ते ऐकून मला बोलताच येईना.

मग मी तेवढंच सांगितलं जेवढं माझ्या बाजूचं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली. "बघू" म्हणाली. मग लेकीची चौकशी केली, तिच्या शाळेचं विचारलं. तेरा मिनिटं बोललो. बाकी काही मिटलेलं नाही. पण काल झोपताना प्रार्थनेत तिचं नाव घेतलं आणि वळसा घालावा लागला नाही.

लेवीय १६ आज सकाळी वाचला. लेक शेजारी बसली होती. त्या बकऱ्याचं पुढे काय झालं असं तिनं विचारलं, आणि आम्ही बराच वेळ त्यावरच बोलत राहिलो. अध्याय एकच झाला. तक्ता या वर्षी केलेला नाही.

रात्रपाळी | २८ जानेवारी, रात्री ९:१०

गणवेश घालून बसलेय, निघायला दहा मिनिटं आहेत. आज ती दहा मिनिटं तुमच्या ताईसाठी. नाव इथे लिहू नका, लागत नाही.